पिकअप की कूपे? अमेरिकेत दुसरी गाडी निवडताना

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास एक प्रश्न हमखास निघतो. पहिली कॅमरी किंवा अकॉर्ड झाली, मुलांसाठी ओडिसी किंवा सिएना आली, घराचे हप्ते अंगवळणी पडले आणि आता घरातली दुसरी गाडी बदलायची वेळ आली. या खेपेला नुसती गरजेपुरती गाडी घ्यायची नाही, मनासारखी घ्यायची, असं ठरलेलं असतं. मग एकाच माणसाच्या डोक्यात दोन टोकांच्या गाड्या घोळू लागतात. एकीकडे फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो, रॅम १५०० किंवा टोयोटा टुंड्रासारखा मोठा पिकअप. दुसरीकडे बीएमडब्ल्यू ४ सिरीज किंवा मर्सिडीज सीएलईसारखी दोन दारांची कूपे. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण त्यात वेडेपणा नाही. चांगल्या सोयींचा चार दारी पिकअप आणि सहा सिलिंडरची कूपे, दोन्ही आज साधारण साठ ते पंच्याहत्तर हजार डॉलरच्या पट्ट्यात येतात. पैसे तेवढेच जाणार, मिळणार मात्र अगदी वेगळं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पिकअपचे पैसे तुम्ही मागच्या हौद्यासाठी मोजता आणि कूपेचे ड्रायव्हरच्या सीटसाठी. वर्षभरात त्या हौद्यात काय काय पडणार आहे, आणि त्या सीटवर बसून तुम्ही कुठल्या रस्त्यानं जाणार आहात, या दोन प्रश्नांची उत्तरं ठोस हवीत. ‘कधीतरी लागेल’ आणि ‘मजा येईल’ ही उत्तरं ठोस नव्हेत.

घरात एकच गाडी असणार असेल आणि मुलं लहान असतील, तर कूपेचा विषय इथेच संपवा. मागे दोनच सीट, आत शिरायला पुढची सीट सरकवावी लागते, आणि पाठमोरं बसवायचं बाळाचं कारसीट त्या फटीतून आत नेऊन घट्ट बांधणं हे रोज सकाळी करायचं काम नाही. पुढचं सगळं, घरात आधीच एक चार-पाच माणसांची साधी गाडी आहे असं धरून लिहितो.

आधी पिकअप. भारतात पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर भाजी किंवा सिमेंट वाहणारी बोलेरो येते. त्यामुळे गावाकडून आलेले बाबा ड्राइव्हवेमध्ये उभी असलेली एवढी मोठी गाडी पाहून “धंदा काढलास की काय?” असं विचारतात. अमेरिकेत मात्र फोर्डची एफ मालिका १९७७ पासून देशातला सर्वाधिक खपाचा पिकअप आहे, आणि तो घेणारे सगळे शेतकरी किंवा सुतार नसतात. आतून तो आता आलिशान असतो. चार दारी केबिनमध्ये मागच्या सीटवर पाय पसरायला ऐसपैस जागा मिळते. चामड्याच्या सीट, मोठा स्क्रीन, गार-गरम होणाऱ्या खुर्च्या, सगळं मिळतं. म्हणूनच नुसतं आत बसून निर्णय घेऊ नका. शोरूममध्ये पिकअप कुणालाही आवडतो.

प्रश्न असा विचारा की ट्रेलर ओढायचा आहे का. बोट, कॅम्पिंगचा ट्रेलर, घोडे, स्वतःच्या व्यवसायाची यंत्रं यांतलं काही असेल तर कूपे शर्यतीतच नाही. पण ओढण्याच्या आकड्यांनी भुलू नका. जाहिरातीत एफ-१५० तेरा हजार पौंडांहून जास्त ओढतो असं दिसेल. तो आकडा ठरावीक इंजिन, ठरावीक ॲक्सल आणि ठरावीक पॅकेज घेतलेल्या गाडीचा असतो. तुम्ही विकत घेत असलेल्या गाडीची खरी मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर असते. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही होऊ देऊ नका, असं तिथे लिहिलेलं असतं. हा झाला पेलोड.

आता हिशेब मांडून बघा. समजा पट्टीवर १,५०० पौंड लिहिलंय आणि तुम्हाला ७,००० पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर जोडायचा आहे. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे गाडीवरच येतो. बारा टक्के धरले तर ८४० पौंड तिथेच गेले. उरले ६६०. त्यात तुम्ही, पत्नी, दोन मुलं आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बसलात की सगळा आकडा संपला, आणि बर्फाची पेटी, बार्बेक्यू, हौद्यावरचं झाकण अजून मोजलेलंच नाही. ओढण्याची क्षमता निम्म्याच्या आसपासच वापरली, तरी गाडी वजनानं भरून गेली. जितकं महागडं मॉडेल, तितका सनरूफ आणि मोटारींचा भार जास्त आणि पेलोड कमी, हेही ध्यानात ठेवा. एकाच नावाच्या दोन गाड्यांत काहीशे पौंडांचा फरक पडतो. म्हणून लॉटवरच्या नेमक्या त्याच गाडीचं दार उघडून पट्टी वाचा आणि फोनवर फोटो काढून ठेवा. सेल्समननं तोंडी सांगितलेला आकडा धरू नका.

ट्रेलर नसेल, तर हौद्याकडे या. गेल्या वर्षभरात मिनीव्हॅनमध्ये मावलं नाही असं तुम्ही काय काय आणलंत, ते आठवून कागदावर लिहा. मल्च, प्लायवूड, जुना सोफा, कुणाचं तरी घर हलवणं. यादी चार-पाच ओळींत संपली तर पिकअप भाड्यानं घ्या. होम डेपो तासांवर देतं आणि यू-हॉल दिवसाला वीस डॉलरच्या आसपास अधिक मैलाचे पैसे घेतं. वर्षाकाठी पाच वेळा भाड्यानं घेतलात तरी एका महिन्याच्या हप्त्याइतका खर्च होत नाही. उलट घराला एकरभर जमीन असेल, दर शनिवार-रविवार माती, खत, लाकूड यांची ने-आण असेल, जुनी घरं घेऊन दुरुस्त करून भाड्यानं द्यायचा जोडधंदा असेल, तर पिकअप हे हत्यार आहे आणि ते स्वतःच्याच दारात हवं.

गणपतीच्या दिवसांत महाराष्ट्र मंडळाच्या मंडळींना पिकअपवाल्याची आठवण होते, हे खरं. मखराच्या चौकटी, टेबलं, खुर्च्या, पाण्याचे खोके यांना हौद्यासारखी सोय नाही. पण ढोल-ताशा पथकासाठी म्हणून कुणी पिकअप घेत असेल तर जरा थांबा. ढोल वजनाला फार नसतो, जागा मात्र खूप खातो. चार-सहा ढोलांत हौदा भरतो, आणि वाटेत सर आली की पानं भिजतात आणि आवाज बसतो. एफ-१५०च्या हौद्याची खोली साधारण एकवीस इंच आहे, तेव्हा सपाट झाकणाखाली तुमच्या पथकाचे ढोल मावतात का हे टेप लावून बघा. पथकाला बंद व्हॅनच सोयीची पडते.

हौद्याची लांबी हा लोक सर्वांत कमी विचार करतात तो मुद्दा. चार दारी केबिनसोबत बहुतेक डीलर साडेपाच फुटी हौदा ठेवतात. आठ फुटी प्लायवूड त्यात फाळका पाडूनच न्यावं लागतं आणि तरी थोडं बाहेर राहतं. साडेसहा फुटी हौदा कामाला बरा, पण मग गाडीची लांबी वीस फुटांच्या वर जाते. साडेपाच फुटी हौद्याचा एफ-१५०सुद्धा सुमारे एकोणीस फूट चार इंच लांब आहे. उपनगरांतल्या कितीतरी जुन्या गॅरेजांची आतली खोली वीस फूट असते. वॉटर हीटर, फ्रीझर, मुलांच्या सायकली तिथेच असतात. गाडी आत गेली तरी तिच्या पुढून माणूस जाऊ शकेल का, हे गाडी घेण्याआधी मोजा, कारण त्यानंतर मोजून काही उपयोग नाही. रुंदी आरसे सोडून सुमारे सहा फूट आठ इंच. नऊ फुटी पार्किंगच्या खणात ती अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना चौदा-चौदा इंचच उरतात. न्यू जर्सीतल्या एखाद्या गजबजलेल्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये शनिवारी संध्याकाळी हे चौदा इंच फार कमी पडतात. मॅनहॅटनमधली पार्किंग गॅरेजं मोठ्या गाडीला वेगळे पैसे लावतात. कॅलिफोर्नियात पिकअपची नोंदणी व्यावसायिक म्हणून होते आणि वजनानुसार जास्तीची फी दरवर्षी भरावी लागते. काही वसाहतींत होमओनर्स असोसिएशनचे नियम पिकअप रात्री ड्राइव्हवेमध्ये लावू देत नाहीत. ते नियम आधी काढून वाचा.

आता ज्याच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते ते. मोठ्या पिकअपचं बॉनेट छातीइतकं उंच असतं आणि त्याच्या अगदी समोर उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसत नाही. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेनं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की, चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता तीस इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. बहुतेक मोठे पिकअप चाळिसाच्या वरच आहेत. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, पुढचा मात्र झालेला नाही. पिकअप घ्यायचाच ठरला तर पुढचा किंवा चारही बाजूंचा कॅमेरा असलेलाच घ्या, मग त्यासाठी चामड्याच्या सीट सोडाव्या लागल्या तरी हरकत नाही. शेजारची मुलं तुमच्या ड्राइव्हवेसमोर खेळत असतील तर याला पर्याय नाही. आणि डीलरकडे टेस्ट ड्राइव्हच्या आधी घरच्या कुणाला तरी बॉनेटसमोर उभं करा, स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसा, आणि तुम्हाला त्यांचं डोकं दिसायला लागेपर्यंत त्यांना एकेक पाऊल मागे जायला सांगा. ते अंतर एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे पिकअप चालवताना पाय आपोआप ब्रेकजवळ राहतो.

लहान मुलांचं कारसीट पिकअपमध्ये मावतं छान, पण एक गोष्ट पुष्कळांची चुकते. समोर तोंड करून बसवलेल्या सीटचा वरचा पट्टा व्हॅनमध्ये सीटच्या पाठीवरच्या कडीत अडकतो. बऱ्याच पिकअपमध्ये तशी सरळ कडी नसते. हेडरेस्टच्या मागे कापडी फास असतो, पट्टा आधी त्या फासातून घालून शेजारच्या सीटच्या फासात अडकवावा लागतो. गाडीचं मॅन्युअल उघडून ते पान वाचल्याशिवाय हे सुचत नाही, आणि पट्टा नुसता लोंबत ठेवून गाडी चालवणारे आई-वडील कमी नाहीत.

पिकअपच्या बाजूनं एक मोठी गोष्ट टेक्साससारख्या राज्यात राहणाऱ्यांनी मोजायला हवी. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात तिथे दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा हायब्रिड एफ-१५०च्या मालकांनी गाडीच्या हौद्यातल्या प्लगवर घरातले हीटर आणि फ्रीज चालवले, आणि फोर्डनं डीलरांना त्या गाड्या गरजूंना वापरायला द्यायला सांगितलं. हायब्रिडमध्ये ७.२ किलोवॉटपर्यंतची सोय मिळते. फर्नेसचा पंखा, फ्रीज, दिवे, इंटरनेट आणि आईचं ऑक्सिजन यंत्र एवढ्यासाठी ती पुरते. ही सोय घेतलीत तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच बसवून घ्या. भिंतीच्या प्लगमधून उलटी वीज घरात सोडली तर बाहेर तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराचा जीव जाऊ शकतो. आणि वीज देताना इंजिन चालूच असतं, म्हणून गाडी गॅरेजमध्ये ठेवू नका.

कूपेबद्दल कमी लिहावं लागतं, कारण तिच्यात तपासण्यासारखं मुख्य एकच आहे. ती चालवायला सुंदर असते. खाली बसलेली, हलकी, वळणावर तुमच्या हाताबरोबर वळणारी. शिडीसारख्या चेसिसवर उभा असलेला पिकअप मोकळ्या हौद्यानं खडबडीत रस्त्यावरून गेला की मागून उड्या मारतो. रॅमनं २००९ पासून आणि टुंड्रानं २०२२ पासून मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग बसवली म्हणून त्या जरा मऊ. पण चांगल्या कूपेच्या जवळपास एकही पिकअप जात नाही. ज्याला गाडी चालवण्यात खरा आनंद आहे त्याला ही हौस आयुष्यात एकदा पुरवून घ्यावी असं मी मनापासून म्हणेन. अट एकच, तसा रस्ता हवा. कॅट्सकिल्स, ब्लू रिज पार्कवे, ऑस्टिनच्या पश्चिमेची टेकाडं किंवा पॅसिफिक किनाऱ्याचा हायवे घरापासून तासाभरावर असेल आणि रविवारी सकाळी तुम्ही खरोखर उठून जाणार असाल, तर कूपे घ्या. रोजचा रस्ता म्हणजे लॉस एंजेलिसचा ४०५ आणि गाडी तासाला बारा मैलांनी सरकतेय, तर तिच्या ३८० हॉर्सपॉवरचं तुम्हाला काहीही मिळत नाही.

कूपे घेताना टायर बघा. समर टायर असतील तर तापमान सात अंश सेल्सियसच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं आणि पकड जाते. बर्फ पडायचीही गरज नसते. शिकागो, मिनियापोलिस किंवा बॉस्टनला राहत असाल तर हिवाळी टायरचा दुसरा संच, तो ठेवायला जागा आणि वर्षातून दोनदा बदलायची मजुरी किमतीत धरा. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात आणि डिकीत स्टेपनी नसते. ते बदलायला महाग पडतात. पिकअपवाल्यांनीही इथे गाफील राहू नये. रिकाम्या हौद्याचा पिकअप मागून हलका असतो आणि बर्फावर मागची चाकं सहज घसरतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी सुटायला मदत करतं, थांबायला नाही. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय लावून फिरलात तर गाडीचं नुकसान होतं.

हल्ली कूपे कमी होत चालल्या आहेत. इन्फिनिटीची क्यू६० २०२२ नंतर थांबली, ऑडीनं ए५ची दोन दारी कूपे बंद केली, लेक्ससची आरसी गेली. म्हणजे नव्यात निवड थोडी, पण दोन-तीन वर्षं वापरलेल्यांत चांगल्या गाड्या आहेत आणि पहिल्या मालकानं सगळ्यात मोठा घसारा सोसलेला असतो. कूपे नवी घेण्यापेक्षा कंपनीनं तपासून हमी दिलेली वापरलेली घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पिकअपचं उलट आहे. त्याचा भाव, विशेषतः टोयोटाचा, इतका टिकतो की दोन वर्षं जुन्यात फार वाचत नाही, आणि पहिल्या मालकानं काय ओढलं हे कळायला मार्ग नसतो.

आता पैसे. पेट्रोलवरून भांडू नका. वर्षाला बारा हजार मैल धरा. पिकअप गॅलनला २० मैल देत असेल तर ६०० गॅलन लागतात. चार सिलिंडरची कूपे २८ देत असेल तर ४३० गॅलनच्या आत. पण कूपेला प्रीमियम लागतं. रेग्युलर ३.२० आणि प्रीमियम ४.१० डॉलर धरलं तर पिकअपचा खर्च १,९२० आणि कूपेचा सुमारे १,७६०. वर्षाला दीडशे-पावणेदोनशे डॉलरचा फरक. एवढ्यावर निर्णय होत नाही.

व्याजावर होतो. दहा हजार भरून उरलेले ५५ हजार सात टक्क्यांनी बहात्तर महिन्यांसाठी घेतलेत तर महिन्याला सुमारे ९३८ डॉलर आणि एकूण व्याज साडेबारा हजार. साठ महिन्यांत फेडलंत तर हप्ता १,०८९ होतो आणि व्याज दोन हजारांहून अधिक कमी होतं. डीलर “महिन्याला किती परवडेल?” असं विचारतो तेव्हा तो महिने वाढवून हप्ता बसवणार असतो. उत्तर देऊ नका, कर आणि फी धरून अखेरची किंमत विचारा.

२०२५ ते २०२८ या करवर्षांसाठी नव्या गाडीच्या कर्जाचं वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं, पण ती गाडी अमेरिकेत जोडलेली हवी. इथे पिकअप पुढे जातो, आणि त्यामागे जुना इतिहास आहे. १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर आहे. युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला त्याचं ते उत्तर होतं, म्हणून त्याला आजही ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. त्यामुळे टोयोटासुद्धा टुंड्रा टेक्सासच्या सॅन अँटोनिओत बनवते आणि एफ-१५० मिशिगन आणि मिझुरीत बनतो. ४ सिरीज आणि सीएलई कूपे जर्मनीहून येतात, त्यांना ही वजावट नाही. पण सिल्व्हराडो घेताना सावध राहा. काही अमेरिकेत बनतात, काही मेक्सिकोत, काही कॅनडात. गाडीच्या व्हिनचा पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर ती अमेरिकेतली, २ कॅनडाची, ३ मेक्सिकोची. खिडकीवरच्या किमतीच्या कागदावर जोडणीचं ठिकाण लिहिलेलं असतं, तेही बघा. वजावटीची आणखी एक मर्यादा आपल्याला लागू पडते. उत्पन्न एकट्याचं एक लाख किंवा दोघांचं मिळून दोन लाख डॉलरच्या वर गेलं की दर हजारामागे वजावट दोनशेनं घटते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज ३,६०० च्या आसपास आहे. दोघंही आयटीत असलेल्या घरांत ते बहुधा शून्यावरच येईल. आणि लीजवर घेतलेल्या गाडीला हे लागू नाही.

‘सहा हजार पौंडांच्या वरची गाडी घेतली की सगळी किंमत टॅक्समधून सुटते’ असं मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगतंच. ते स्वतःच्या व्यवसायासाठी, निम्म्याहून जास्त वापर कामासाठी आणि त्याची मैलांची वही असेल तर. घर ते ऑफिस हा प्रवास कामात धरत नाहीत, आणि पगारदाराला यातलं काही मिळत नाही. सेक्शन १७९ मध्ये आतून किमान सहा फूट लांबीच्या हौद्याला एक नियम आणि साडेपाच फुटीला दुसरा, मर्यादा असलेला नियम आहे. व्यवसाय असेल तर सीपीएशी बोलून मगच हौद्याची लांबी ठरवा.

विम्याचं कोटेशन गाडी ठरायच्या आधी दोन्हींचं मागवा, आणि घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर त्याचं नाव घालून मागवा. नवशिक्यासाठी या दोन्ही गाड्या वाईट. जास्त ताकदीची कूपे नको आणि लांब अंतरावर थांबणारा मोठा पिकअपही नको. आधीची कॅमरी विकू नका, ती मुलाला ठेवा.

आई-बाबांचा विचार मी मुद्दाम वेगळा करतो. टेस्ट ड्राइव्हला त्यांना न्या. साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आईला पायपट्टी नसलेल्या पिकअपमध्ये चढताना एका हातात दाराजवळची मूठ आणि दुसऱ्या हातात निऱ्या धराव्या लागतात, आणि उतरताना जमीन कुठे लागेल ते दिसत नाही. दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायपट्टी असेल तर तीच आई स्वतः चढते. कूपेत चढणं नाही, पण बसताना अंग खाली सोडावं लागतं आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. मागच्या सीटचं तर नावच नको. दरवर्षी सहा महिने आई-वडील येत असतील आणि त्यांना देवळात, डॉक्टरकडे तुम्हीच नेत असाल, तर पायपट्टीचा पिकअप कूपेपेक्षा त्यांना सोयीचा पडतो. ते दिवस मिनीव्हॅनवर भागत असतील तर हा मुद्दा सोडा.

दोन्हींकडे मन ओढत असेल तर एक सोपा मार्ग आहे. दोन वेगळ्या आठवड्यांत दोन्ही गाड्या तीन-तीन दिवस भाड्यानं घ्या. शनिवार-रविवार नको, गुरुवार ते शनिवार घ्या. ऑफिस, मुलांचा क्लास, ग्रोसरी, गॅरेज, पावसातली रात्र, सगळं त्याच गाडीनं करा. कूपे घेऊन एकदा त्या वळणाच्या रस्त्यानं जा, पिकअप घेऊन एकदा होम डेपोत. पत्नीलाही निम्मा वेळ चालवू द्या, कारण दुसरी गाडी कधी ना कधी त्यांनाच न्यावी लागणार. मग डीलरकडे जाल तेव्हा जुन्या गाडीचा भाव आणि नव्याचा भाव वेगवेगळ्या कागदावर लिहून घ्या, कर्जाचा दर आधी आपल्या बँकेकडून किंवा क्रेडिट युनियनकडून मंजूर करून न्या, आणि फायनान्सच्या खोलीत जोडून विकली जाणारी वाढीव वॉरंटी त्याच दिवशी घेऊ नका. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही मिळते.